तुरुंगातली संमती आणि लशीचे आकडे

भायखळ्याच्या तुरुंगात १८९७ च्या जानेवारीअखेरीस प्लेग शिरला, तेव्हा आत तीनशेहून अधिक कैदी होते. मुंबईत साथ सुरू होऊन चार महिने उलटले होते. मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये रोग ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्या बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात जंतू वाढवायचे आणि नंतर ते उष्णतेने मारायचे, अशी ती कृती होती. १० जानेवारीला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ३० जानेवारीला ते तुरुंगात गेले आणि जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस टोचली. निम्म्याच्या आसपास कैदी पुढे आले, बाकीचे आले नाहीत. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्या सुमारे पावणेदोनशे कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेले सुमारे दीडशे होते. त्यांतल्या २ जणांना प्लेग झाला, दगावले कोणीच नाही.

जळगाव आणि धुळ्याच्या नर्सिंग महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलामुलींना संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हा विषय असतो, शेवटच्या वर्षाला एक संशोधन प्रकल्पही असतो. त्या विषयात नीतीचे प्रकरण सहसा न्यूरेंबर्गपासून सुरू होते. १९४७ मध्ये निकाली निघालेला नाझी डॉक्टरांवरचा खटला, मग १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, मग अमेरिकेतला १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल, मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे. विद्यार्थ्यांची समजूत अशी होते की संशोधनाची नीती कुठेतरी परदेशी न्यायालयात जन्मली आणि तिथून आपल्या अर्जांच्या नमुन्यांपर्यंत पोहोचली. शिवाय पद्धत एका प्रकरणात आणि नीती दुसऱ्या प्रकरणात अशी मांडणी असल्यामुळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक शास्त्राची आणि एक सभ्यतेची, असेही मनात बसते. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वर्षांचा इतिहास वाचला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. माणसाला ज्या रीतीने वागवले, त्याच रीतीने त्याच्याकडून मिळालेली माहिती खरी किंवा खोटी ठरली, हे त्या पाच-सहा वर्षांत पुन्हा पुन्हा दिसले.

खानदेशाला हा इतिहास परका नाही. त्या काळी आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एकच खानदेश जिल्हा होता. धुळे हे त्याचे मुख्य ठाणे होते, आणि पूर्व व पश्चिम खानदेश ही विभागणी १९०६ मध्ये झाली. मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी या जिल्ह्यातून जात होती आणि प्लेग देशात पसरला तो बऱ्याच अंशी रेल्वेच्याच वाटेने. त्यात १८९९-१९०० चा दुष्काळ पडला आणि खानदेशाने एकाच काळात भूक आणि साथ दोन्ही सोसले. जळगावात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. बहिणाबाई चौधरींच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. ज्या कवयित्रीचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, तिच्या घरातला हा प्लेग कोणत्याही अहवालाच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. तक्त्यात मेलेल्यांची आणि आजारी पडलेल्यांची मोजणी असते. वाचून अधू झालेल्यांचा रकाना तेव्हा कोणी आखला नव्हता, आणि काय मोजायचे ठरवतानाच कोणाचे दुःख दिसणार आणि कोणाचे नाही हेही ठरून जाते.

लशीकडे वळण्याआधी सरकारने जे केले ते पाहायला हवे, कारण तिथे पद्धतीचा आणि नीतीचा संबंध सगळ्यात उघड आहे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा १२३ वर्षांनी कोविडच्या वेळी पुन्हा वापरात आला. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले, आजाऱ्यांना रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत हलवू लागले. स्त्रियांची तपासणी, देवघरात बूट घालून जाणे, सामान जाळणे यांविषयी तक्रारी झाल्या, 'केसरी'ने आणि 'सुधारका'ने लिहिले, पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी जाहीर पत्र लिहिले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, आणि मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. हा राजकीय इतिहास शाळेत शिकवला जातो. त्याची संशोधनाच्या बाजूने कोणी उजळणी करत नाही.

लोक घाबरले तेव्हा त्यांनी काय केले? आजारी माणूस माळ्यावर, पेटाऱ्यामागे, शेजारच्या घरात लपवला. मृत्यू नोंदवताना प्लेगऐवजी साधा ताप सांगितला. रात्रीतून गाव सोडले आणि पुढच्या गावात रोग नेला. याचा परिणाम मुंबईच्या मृत्युनोंदींत दिसतो. साथीच्या महिन्यांत शहरातले एकूण मृत्यू नेहमीपेक्षा जितके वाढले, तितके मृत्यू प्लेगच्या नावावर कधीच चढले नाहीत. फरक मोठा होता, आणि अधिकाऱ्यांनाही तो कळत होता. म्हणजे जी सक्ती रोगाची खरी व्याप्ती कळावी म्हणून केली, तिनेच ती व्याप्ती झाकली. घरझडतीची टोळी ही माहिती गोळा करण्याची एक पद्धतच होती, आणि ती पद्धत म्हणून फसली. अपमान झाला म्हणून ती वाईट होती हे तर खरेच, पण तिने आणलेला आकडाही चुकीचा होता. पुढे सरकारने धोरण सैल केले, जातवार खाजगी रुग्णालये चालवू दिली, स्थानिक लोकांना कामात घेतले. इंग्रज अधिकाऱ्यांना एकाएकी मानवतेचा साक्षात्कार झाला असे मानायचे कारण नाही. सक्तीने माहितीही मिळत नाही आणि रोगही थांबत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. साथ ही आणीबाणी असते, हजारो माणसे मरत असताना प्रत्येकाची परवानगी मागत बसणे हा चैनीचा भाग आहे, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. त्याला जोडूनच दुसरा आक्षेप असतो: संमती ही विसाव्या शतकातली कल्पना आहे, तिच्या मापाने एकोणिसाव्या शतकाला जोखू नये. पहिल्याचे उत्तर वरच्या परिच्छेदातच आले आहे: आणीबाणीत सक्ती केली आणि तिचे फळ लपवाछपवी होते. दुसऱ्याचे उत्तर असे की ही मापे आपण आज बाहेरून नेऊन लावत नाही. टिळक, गोखले, रमाबाई हे त्याच काळातले लोक. बाईच्या अंगाला हात लावायचा तर बाईच हवी, रुग्णाला कुठे नेणार ते घरच्यांना सांगा, मृताची विटंबना करू नका, अशा मागण्या त्यांच्या काळातच झाल्या. आणि त्याच काळात, त्याच शहरात, एक शास्त्रज्ञ तुरुंगात जाऊन स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांनाच टोचत होता. नकाराला जागा ठेवता येते, हे १८९७ च्या जानेवारीत ठाऊक होते.

त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले वारल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या प्लेगच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला होता. एकाच शहरात एकाच महिन्यात एकीकडे सोल्जरांची झडती होती आणि दुसरीकडे एक सहासष्ट वर्षांची स्त्री रुग्णाला स्वतः उचलून आणत होती. परिचारिकांच्या इतिहासात सावित्रीबाईंचे नाव कमी घेतले जाते, ते अधिक घेतले पाहिजे. लोक ज्या दवाखान्यात आपण होऊन येतात, तिथला नोंदवहीतला ताप खरा असतो.

भायखळ्याकडे पुन्हा वळू. कैद्याच्या संमतीला संमती म्हणावे का? पहाऱ्यात असलेल्या माणसाला साहेबाने विचारले आणि तो हो म्हणाला, तर त्यातले किती त्याचे आणि किती पहाऱ्याचे, हे सांगता येत नाही. म्हणूनच आजच्या नियमांत कैदी हा असुरक्षित गट मानला जातो आणि त्याच्यावरच्या संशोधनाला वेगळी छाननी लागते. तरीही एक गोष्ट हाफकिन यांच्या बाजूने ठामपणे नोंदवावी लागेल: निम्मे कैदी पुढे आले नाहीत आणि त्यांना टोचले गेले नाही. नकार शक्य होता याचा हा पुरावा आहे. पण नीतीच्या बाजूने जमेची असलेली हीच गोष्ट पद्धतीच्या बाजूने अडचण निर्माण करते. जे आपण होऊन पुढे आले ते कोण होते? अधिक धडधाकट होते का, कमी घाबरलेले होते का, तुरुंगातल्या कमी दाटीच्या बराकीतले होते का? टोचलेले आणि न टोचलेले हे दोन गट मुळातच वेगळे असतील, तर नंतरच्या फरकाचे श्रेय सगळे लशीला देता येत नाही. शिवाय टोचल्याच्या दिवशीच काही कैद्यांना रोग दिसू लागला. त्यांच्या शरीरात तो आधीच होता, म्हणून हाफकिन यांनी त्यांना हिशेबातून वगळले. कारण पटण्याजोगे आहे. पण वगळण्याचा नियम निकाल दिसल्यानंतर ठरला की आधी, हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि न टोचलेल्यांतही त्याच दिवशी आजारी पडलेल्यांना त्याच नियमाने वगळले का, हाही. आज प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मार्गदर्शक हेच दोन प्रश्न विचारते, तेव्हा ती सव्वाशे वर्षांपूर्वीचा वाद पुढे चालवत असते.

हाफकिन यांना ही अडचण कळत होती. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंडेरा या गावी त्यांनी वेगळी रचना केली. गावात प्लेग चालू होता. घराघरांतल्या माणसांची यादी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर, त्याच पिसवा. काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी घरोघरी फिरून यादीतल्या प्रत्येक नावापुढे काय झाले ते नोंदवले. ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांत टोचलेले ७१ जण होते. ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेले ६४ होते. २७ आजारी पडले, २६ मेले. जगात ज्याला नियंत्रित चाचणी म्हणतात तिच्या इतिहासात हे गाव मानाने आले पाहिजे. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची रीत वैद्यकात रुजायला त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे लागली.

आणि इथेच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप उभा राहतो. पद्धत आणि नीती एकमेकींच्या सोबतीने चालतात असे मी म्हणतो, पण उंडेऱ्यात तर पद्धत सगळ्यात चोख होती आणि २६ माणसे लस नसलेल्या बाजूला मेली. कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही हे बाहेरच्या माणसांनी ठरवले होते. हाफकिन यांची स्वतःची लशीवर श्रद्धा होती. मग उरलेल्या निम्म्यांना ती का नाकारली? हा प्रश्न शब्दांनी झाकू नये. त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर आहे असे मला वाटत नाही, पण दोन गोष्टी सांगता येतात. पहिली, हाफकिन यांची श्रद्धा आणि वैद्यकाची खात्री या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भारतीय प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये सगळे पुरावे तपासले तेव्हाही अनेक ठिकाणच्या आकड्यांत मोठे दोष दाखवले: गावची लोकसंख्या अंदाजाने धरलेली, टोचलेल्यांची संख्या रोज वाढत असताना आजाऱ्यांशी केलेली तुलना, स्थलांतरितांचा हिशेब नाही. इतक्या टीकेनंतरही लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात असे आयोगाने मान्य केले. खरी अनिश्चितता असतानाच तुलनेचा गट न्याय्य ठरतो, हे तत्त्व इथे लागू होते, आणि उंडेऱ्याच्या वेळी अनिश्चितता खरोखर होती. दुसरी गोष्ट, तो आकडा चोख निघाला तो केवळ गट नीट पाडले म्हणून नाही. लोकांनी दारे उघडली, नावे सांगितली, आजारी माणूस लपवला नाही. पुण्यात जे सोल्जरांना मिळाले नाही ते इथे यादी घेऊन फिरणाऱ्यांना मिळाले. रचना कितीही हुशारीची असो, गावाने मेलेल्याला 'पाहुण्याकडे गेला' म्हणून सांगितले असते तर उंडेऱ्याचा तक्ता कोरा राहिला असता. तरी त्या २६ जणांचे ऋण फिटत नाही. आज अशा चाचणीत स्वतंत्र देखरेख समिती मधल्या टप्प्यावर आकडे पाहते आणि एका बाजूला इतका फरक दिसू लागला की चाचणी थांबवून सगळ्यांना लस देण्याची शिफारस करते. त्या नियमामागे उंडेऱ्यासारख्या गावांचे मरण आहे, हे नियम पाठ करणाऱ्याला ठाऊक असावे.

लस घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे आणि प्लेगच्या काही जाचक नियमांतून सूट मिळे, याचाही उल्लेख करायला हवा. वरवर पाहता ही सवलत होती. प्रत्यक्षात छावणीची भीती एका बाजूला आणि सुई दुसऱ्या बाजूला अशी निवड होती. आज संशोधनाच्या नियमांत अवाजवी आमिषाला मनाई आहे, ती याच कारणाने. आमिषाचा दोष आकड्यांतही उतरतो. सवलतीसाठी लस घेणारा बहुधा प्रवासी, व्यापारी, नोकरदार असणार. घरात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला त्या कागदाचा उपयोग नाही. म्हणजे दोन गटांतला फरक सवलतीनेच तयार केला.

या वर्षांतला शेवटचा धडा पंजाबातला आहे आणि तो नोंदवहीचा आहे. १९०२ मध्ये पंजाबात लाखो लोकांना टोचण्याची मोठी मोहीम आखली गेली. हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर उत्पादनाचा ताण आला, लस करण्याची कृती बदलली, पूर्वी घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळले गेले. ३० ऑक्टोबर १९०२ ला मल्कोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. चौकशी आयोगाने बाटली परळलाच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांचे पद गेले, ते भारत सोडून गेले. पण कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद ठेवलेली होती, म्हणूनच १९ मृत्यू एका बाटलीशी जोडता आले आणि उरलेल्या चार बाटल्या निर्दोष ठरल्या. त्या दिवशी बूच काढायचा चिमटा एका साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला आणि पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, हेही साक्षीत आले होते. त्याला तेव्हा वजन मिळाले नाही. पुढे कागद प्रसिद्ध झाले, तज्ज्ञांनी ते तपासले, आणि जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. हाफकिन परत आले, कलकत्त्यात काम केले, आणि परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

नर्सिंगच्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मला तो साहाय्यक वाटतो. शास्त्रज्ञाचे नाव, आयोगाचे नाव, बाटलीचा क्रमांक हे सगळे इतिहासात टिकले. पण खरे काय झाले ते कळले, कारण कोणीतरी 'चिमटा खाली पडला होता' हे सांगितले. संशोधनात औषध कोणी शोधले हे मोठे नाव असते, पण सुई कोणाच्या हातात होती, ताप कोणी मोजला, रकाना कोणी भरला, ही माणसे वेगळी असतात आणि ती बहुधा परिचारिका असतात. चूक घडली ती जशीच्या तशी लिहिण्याचे धैर्य त्यांच्याकडे नसेल, किंवा लिहिल्याबद्दल त्यांना शिक्षा होईल अशी व्यवस्था असेल, तर सगळ्या आकडेमोडीचा पाया पोकळ राहतो.

अमेरिकेतल्या टस्कीगीच्या प्रयोगात हे उलट्या बाजूने दिसले. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसते पाहिले गेले. सोबत रोग नसलेले २०१ जण तुलनेसाठी होते. पेनिसिलीन आले तरी ते त्यांना दिले नाही. या माणसांना प्रयोगाशी बांधून ठेवणारी व्यक्ती होती युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीय परिचारिका. ती त्यांना घरून गाडीने दवाखान्यात नेई, त्यांची चौकशी करी, अंत्यसंस्काराचा खर्च मिळेल असे सांगून शवविच्छेदनासाठी घरच्यांना राजी करी. तिच्यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो विश्वासच वापरला गेला. या प्रयोगाविषयी एक गोष्ट कमी सांगितली जाते: त्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी बाहेर थोडाफार उपचार घेतलाच होता, त्यामुळे 'उपचार न घेतलेल्यांचा अभ्यास' हा त्याचा दावाही खरा नव्हता. चाळीस वर्षे फसवणूक करून जे ज्ञान मिळवले, ते शास्त्र म्हणूनही टाकाऊ होते.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस हजारो मुलींना देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्मममध्ये त्या मुलींपैकी अनेकजणी आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या आणि अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची व्यवस्थाच इतकी ढिली होती की लोकांचा त्या निष्कर्षावर विश्वास बसला नाही. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. लस उपयोगी आहे, आणि तरीही तिच्याभोवतीचा संशय वर्षानुवर्षे टिकला. खानदेशातही यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांत आश्रमशाळा आहेत. तिथे रक्तक्षय किंवा सिकलसेलसाठी मुलींचे रक्त तपासायला जाणाऱ्या विद्यार्थिनीने खम्मम लक्षात ठेवायला हवे. अधीक्षकांची परवानगी ही आत जाण्याची परवानगी आहे. मुलीच्या बोटातून रक्त घेण्याची परवानगी तिच्या आईबापाकडे आणि तिच्या स्वतःकडे आहे, आणि ते आईबाप कदाचित ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला दूर गेलेले असतील. त्यासाठी थांबावे लागेल, प्रकल्पाचे वेळापत्रक बदलावे लागेल.

यावर विद्यार्थी जे म्हणतात त्याचाही विचार करू. आमचे प्रकल्प छोटे असतात, प्रश्नावली वाटायची, एक माहितीपर व्याख्यान द्यायचे, पुन्हा तीच प्रश्नावली भरून घ्यायची, ज्ञान वाढले का पाहायचे. साठ नमुने, जवळचे रुग्णालय, सोयीने निवडलेले लोक. यात कोणाचे काय बिघडते? पहिले म्हणजे त्यांनाही नीती समितीची मंजुरी लागते. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांच्या संशोधनाला सूट नाही, आणि समितीचा अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो, हा नियम विचारपूर्वक केलेला आहे. पण मुद्दा मंजुरीच्या कागदाचा नाही. सरकारी रुग्णालयात खाटेवर पडलेली बाई, जिची सुई, सलाईन आणि जेवण गणवेशातल्या मुलीच्या हातात आहे, तिला त्याच गणवेशातली मुलगी प्रश्नावली देते तेव्हा ती नाही म्हणेल का? तिची स्थिती भायखळ्याच्या कैद्याहून फार वेगळी नाही. फक्त कैद्याला आपण कैदी आहोत हे माहीत होते. ती हो म्हणते आणि मग जे उत्तर अपेक्षित आहे ते देते: हो, हात धुते, हो, गोळ्या घेते, हो, बाळाला पहिले दूध पाजले. व्याख्यानानंतर गुण वाढतात. ते ज्ञानाचे गुण आहेत की अदबीचे, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

म्हणून नकाराला जागा देणे हा अशा प्रकल्पातही पद्धतीचाच भाग आहे. ज्या वॉर्डात आपण सेवा देतो तिथली प्रश्नावली दुसऱ्या वॉर्डातल्या मैत्रिणीने भरून घ्यावी. किती जणींना विचारले आणि किती जणींनी नकार दिला हे प्रबंधात लिहावे. शून्य नकार ही अभिमानाची गोष्ट नव्हे, ती तपासायची गोष्ट आहे. माहितीपत्रक पुस्तकी मराठीत छापून न ठेवता अहिराणीत, पावरीत किंवा तडवी बोलीत सांगावे, आणि समजले का ते बाईला तिच्या शब्दांत सांगायला लावून पाहावे. ज्या घरी कोणी भेटले नाही तिथे शेजारणीचे उत्तर लिहू नये. फॉर्म कमी पडले म्हणून होस्टेलवर बसून भरू नयेत. हे शेवटचे वाक्य लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण बनावट फॉर्म आणि १८९७ च्या मुंबईतला 'साधा ताप' ही एकाच जातीची नोंद आहे. फरक इतकाच की 'साधा ताप' लिहिणारा घाबरलेला होता.

हाफकिन यांच्या पहिल्या आकड्यांवर प्लेग आयोगाने घेतलेले आक्षेप आज वाचले तर त्यांत राग नाही, तपशील आहे: कोणत्या दिवशी किती लोक टोचलेले होते, आजारी कोण मोजत होते, त्यांना निकालात रस होता का. जळगावच्या किंवा धुळ्याच्या विद्यार्थिनीने आपल्या साठ फॉर्मांना हेच प्रश्न विचारले, तर तिचा प्रबंध लहान राहील, तक्ते कमी होतील, निष्कर्ष कदाचित 'फरक आढळला नाही' असा येईल. तो तसाच छापून द्यावा, आणि मार्गदर्शकाने त्यावर पूर्ण गुण द्यावेत.